मामा उठण्याच्या बेतात

९ जून, दुपारी ३

आज पडलो. उत्तम पडलो. नोंद करून ठेवतो. पुढेमागे कुणी आठवणी लिहा म्हणून मागे लागलं तर तारीख हाताशी असावी.

स्क्रिप्टमध्ये एवढंच होतं: मामा शेवटच्या पायरीवर अडखळतात, भाची हसते. या लेखकाला माझा इतिहास माहीत नाही. अडतीस सिनेमांत मी हिरोचा मित्र होतो. त्यातल्या छत्तीस सिनेमांत पडलो. शिडीवरून, हौदात, केकवर, एकदा चालत्या ट्रकमधून कोबीच्या ढिगात. दोन सिनेमांत पडलो नाही, ते दोन्ही पडले. रस्त्यात लोक अजून मला ‘धपाक’ म्हणून हाक मारतात. अशा माणसाला एक पायरी?

दिग्दर्शकाला म्हटलं, वरपासून पडतो. तो म्हणाला, मामा, गरज नाहीये. (मालिकेत मी हिरॉइनचा विनोदी मामा. त्यामुळे सेटवर लहानथोर सगळ्यांचाच मामा.) म्हटलं, गरजेपुरतं पडणारे वेगळे.

चौदा पायऱ्या. एकही वाया घालवली नाही. अकराव्या पायरीवर अर्धी गिरकी घेतली, ती शिकवून येत नाही. खाली पोचलो तेव्हा सेट चिडीचूप. मग टाळ्या. लागलं का, असं कुणीही विचारलं नाही. हा माझा जुना नियम आहे. पडल्यावर लोकांनी लागलं का विचारलं, की समजायचं, पडणं फसलं.

भाचीचं काम करणारी मुलगी मात्र हसायची विसरली. किंचाळली. नवी आहे, शिकेल.

११ जून

खुद्द लेखकाचा फोन. एरवी तो असिस्टंटकडून कळवतो. म्हणाला, जिन्याचा शॉट चॅनेलला प्रचंड आवडलाय, त्यावर अख्खा ट्रॅक उभा करतोय. म्हटलं, चला, उशिरा का होईना. ट्रॅक काय? तर म्हणे मामा कोमात.

फोन ठेवला. मग नीट विचार केला. कोमा म्हणजे प्रत्येक एपिसोडच्या मध्यभागी मी, आणि बाकीचे माझ्याभोवती उभे. शिवाय मालिकेत माणूस कोमात जातो तो उठण्यासाठीच. उठण्याचा सीन! सगळं घर थांबून माझ्याकडे बघणार.

बायकोला सांगितलं. ती चष्म्याच्या दुकानात कामाला आहे, समोरच्याला कितपत दिसतंय हे तपासायची तिला सवय. म्हणाली, अहो, म्हणजे डायलॉग नाहीत? म्हटलं, सध्या नाहीत. साठतायत.

१४ जून

अण्णा आले. ऑगस्टअखेरपर्यंत आमच्याकडे, मग ताईकडे. अण्णा म्हणजे माझे वडील, वय ब्याऐंशी. कारखान्यात टाइमकीपर होते, भोंगा वाजवायचं काम त्यांच्याकडे. बत्तीस वर्षांत भोंगा एकदाही उशिरा वाजला नाही.

अण्णा माझ्या विनोदाला आजवर हसलेले नाहीत. माझा पहिला सिनेमा बघायला आले होते. सगळं थिएटर डोळे पुसत बाहेर पडत होतं. अण्णांनी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, बाविसाव्या मिनिटाला पडलास. संपला विषय. तो आजतागायत.

संकल्प: उठण्याच्या सीनला अण्णांना हसवायचं. ऑगस्टच्या आत. आमची मालिका सातला, आणि ताईकडे सात वाजता दुसरं चॅनेल लावतात.

२० जून, संध्याकाळी ६

कोमाचा पहिला दिवस. नवखा नट नुसता झोपतो. मी बेशुद्ध असतो. भुवया सैल, जबडा मिटलेला पण आवळलेला नाही, श्वास पोटातून. डाव्या हाताला सलाइन चिकटवलंय, तो हलवायचा नाही. दोन तासांत हाताला मुंग्या आल्या. चार तासांत त्याही गेल्या.

डोळे मिटले की कान उघडतात. माझे तर मुळातच तिखट. उमेदवारीच्या काळात मी थिएटरच्या तिकीट खिडकीत बसायचो. आतलं दिसायचं नाही, पण लोक कुठे हसतात, कुठे नुसतेच खोकतात, ते भिंतीतून ऐकून शिकलो. कुणी हात धरून शिकवलेलं नाही.

मी पलंगावर आहे हे लोक विसरतात. मेकअपवाली भाचीला म्हणाली, मामा असे किती गोड वाटतात ना? भाची म्हणाली, हो गं, नाहीतर दर वाक्यानंतर थांबतात, मला वाटायचं विसरलेच.

पोरीला पार्श्वभूमी माहीत नाही. सिनेमानंतर सहा वर्षं माझा टीव्हीवर कॉमेडी शो होता. त्यात हसण्याचा आवाज नंतर मशीनने घालायचे. त्यासाठी प्रत्येक पंचनंतर दोन सेकंद जागा सोडावी लागायची. ती शिस्त अंगात मुरली आहे. घरीही सोडतो. बायको म्हणते, अहो, पुढे बोला.

२ जुलै

सात वाजता अण्णा खुर्ची टीव्हीपासून दोन हातांवर ओढून बसतात. बावीस मिनिटं पापणी लवत नाही. आज एपिसोड संपल्यावर म्हणाले, आज कालच्यापेक्षा बरा पडला होतास. दाद! चाळीस वर्षांतली पहिली.

पुढे म्हणाले, उठणार कधी? म्हटलं, लवकरच. म्हणाले, लवकरच ही काय वेळ झाली?

९ जुलै

भाचीचा रडण्याचा मोठा सीन. माझ्या छातीवर डोकं ठेवून दोन पानं बोलायचं. ती ग्लिसरीन घालून तयार. सीन जरा जड चाललाय असं मला बंद डोळ्यांनीही जाणवलं. प्रेक्षकाला कुठेतरी आशा दिसायला हवी. म्हणून उजव्या हाताची करंगळी उचलली. अर्धा इंच. जास्त नाही.

दिग्दर्शक म्हणाला, कट. मामा, तुम्ही हललात. म्हटलं, आतून आलं. तो म्हणाला, आतच ठेवा. भाचीने परत ग्लिसरीन घातलं, माझ्याकडे बघितलं नाही. पण कॅमेरामनच्या नाकातून फुस्स आवाज आला. तो मी ओळखतो. दाबलेलं हसू.

करंगळी लक्षात ठेवायची.

१६ जुलै

आज पलंगाच्या उशाशीच लेखक आणि दिग्दर्शक बोलत उभे. मी टेकच्या मध्ये उठत नाही, मूड जातो. लेखक म्हणाला, मामा गप्प झाल्यापासून रेटिंग बघितलंस का, नुसतं चढतंय. दिग्दर्शक म्हणाला, मग असंच चालू ठेवू. लेखक म्हणाला, नाही रे, किती ताणणार. ऑगस्टच्या शेवटी करून टाकू. मोठा एपिसोड. लोक ढसाढसा रडले पाहिजेत.

म्हणजे ठरलं. ऑगस्टच्या शेवटी उठतोय. लोक आनंदाने रडणार, त्यातूनच मी त्यांना हसवणार.

डोळ्यांत पाणी आलं. मेकअपवालीने टिपलं. दिग्दर्शक म्हणाला, मामा, रडू नका हो, कोमा आहे.

घरी अण्णांना सांगितलं, ऑगस्टअखेर. अण्णांनी कॅलेंडरवर पेन्सिलीने खूण केली.

२४ जुलै

दिवसभर फक्त माझे शॉट्स. फक्त माझे! सकाळच्या उजेडात, संध्याकाळच्या उजेडात. पांढरी चादर, निळी चादर. दाढीचे खुंट असलेला, दाढी केलेला. ऑक्सिजनसह, ऑक्सिजनविना. माझ्या हातावर दुसऱ्याचा हात. तो कपडेपटातल्या बाईंचा होता, बांगड्या बदलून पाच जणींचा म्हणून घेतला. एकूण त्रेसष्ट शॉट्स. दिग्दर्शक म्हणाला, हे सगळं बँकेत टाकून ठेवतोय, लागेल तसं काढू. आजकाल कोण कुणावर एवढी मेहनत घेतो?

त्रेसष्टाव्या शॉटला दिग्दर्शक फोनवर बोलत बाहेर गेला. कॅमेरामन चहाकडे वळला होता. कॅमेरा चालू. मी करंगळी उचलली. चित्रकार कोपऱ्यात सही करतो, तसं.

४ ऑगस्ट

अकरा दिवस कॉल नाही. मला दमवायचं नाही, हे उघड आहे. उठण्याच्या सीनला माणूस ताजा लागतो. टीव्हीवर मात्र रोज आहे. आज निळ्या चादरीत होतो.

सराव मोडू नये म्हणून एपिसोड चालू असताना मीही सोफ्यावर आडवा होतो. तोही पडलेला, मीही पडलेला. श्वास जुळवतो. बायको दुकानातून आली, दारातच थांबली. एकदा टीव्हीकडे बघितलं, एकदा सोफ्याकडे. म्हणाली, चहा कुणाला करू?

९ ऑगस्ट

उठण्याचा सीन मीच लिहिला. लेखकावर भार नको. नऊ मिनिटं. आधी एकच डोळा उघडतो. सगळे ओरडतात. मी दचकून डोळा मिटतो. (दोन सेकंद.) मग दुसरा उघडतो. मग बसतो, सलाइनची बाटली पाण्याची समजून तोंडाला लावतो. मग पलंगावरून उतरताना पडतो. पडताना अकराव्या पायरीवाली अर्धी गिरकी, पण पलंगाच्या उंचीत. ही अजून जगात कुणी केलेली नसावी.

लेखकाला पाठवला. त्याने वाचल्याची खूण दिसली. उत्तर नाही. भारावला असेल.

संकल्प: उद्यापासून रोज सकाळी गिरकीचा सराव.

१० ऑगस्ट

सराव नाही. डावा हात सकाळपासून आपला वाटत नाही.

१४ ऑगस्ट

आता घरीही पडल्यावर अर्ध्या तासात दोन्ही हात जातात. परवापासून पायही. बायको म्हणाली, डॉक्टरला दाखवू या. म्हटलं, कशाला? ही कमावलेली गोष्ट आहे. ती म्हणाली, अहो, तुम्ही जेवतानाही तसेच बसता. काल मी दोनदा विचारलं, मीठ बरोबर आहे का. मला ऐकू आलं होतं, एवढं नक्की. बोलायचं राहिलं.

लिफ्टमध्ये खालच्या मजल्यावरचे काका भेटले. म्हणाले, काय धपाक, हल्ली कुठे दिसत नाही? म्हटलं, रोज सातला दिसतो, कोमात आहे. ते म्हणाले, अरेच्चा, ते तुम्ही होय! आमची ही म्हणते, पुतळाच ठेवलाय.

याला म्हणतात भूमिकेत विरघळणं.

२० ऑगस्ट, दुपारी १

कॉल आला! फक्त एक तास, क्रीम रंगाचा शर्ट घालून या. म्हणजे चादर संपली. मामा शर्टात. नऊ मिनिटं पाठ करून गेलो.

सीन नव्हता. फोटो होता. फोटोग्राफर म्हणाला, नुसतं प्रसन्न हसा. मी अकरा प्रकारची हसू दिली. त्याने शेवटी कोणता फोटो निवडला, तर मी लाइट बरोबर आहे का विचारत होतो, तो. चेहऱ्यावर काहीच नाही. म्हणाला, यात आपुलकी आहे. सेट सजवणारा टेप घेऊन उभा होता. म्हणाला, अठरा बाय चोवीस, जिन्याशेजारच्या भिंतीवर. म्हणजे मी पडलो, अगदी तिथेच. होर्डिंग याहून मोठं असतं, पण सुरुवात आहे.

भाचीने मला मिठी मारली. म्हणाली, मामा, तुमच्याकडून खूप शिकले. उठण्याच्या सीनमध्ये तुला नीट जागा देतो, म्हटलं. तिने दिग्दर्शकाकडे बघितलं. दिग्दर्शक मोबाइलकडे.

घरी बायकोने विचारलं, एकट्याचाच फोटो? म्हटलं, सोलो. फ्रेम करणार? म्हटलं, हो, भिंतीसाठी. अहो, म्हणाली. मग दोन सेकंद थांबली. पुढे बोललीच नाही. माझी सवय लागली वाटतं.

२७ ऑगस्ट

उद्या महाएपिसोड. जाहिरातीत मी पांढऱ्या चादरीत, खाली अक्षरं: मामांचा निर्णायक क्षण. उठण्याचा सीन माझ्याशिवाय कसा शूट केला, हा प्रश्न अण्णांनी विचारला. म्हटलं, बँक आहे ना. त्रेसष्टातून जोडला असेल. आजकाल कॉम्प्युटरवर माणसाला उठवतातसुद्धा.

अण्णा म्हणाले, हं.

२८ ऑगस्ट, संध्याकाळी ७.४०

सात वाजता अण्णा खुर्चीत. मी सोफ्यावर, पण आज बसून. बायको लवकर आली होती, स्वयंपाकघराच्या दारात उभी.

सात सतराला डॉक्टरने माझ्या तोंडावरचा ऑक्सिजन काढला आणि मान हलवली. सॉरी, म्हणाला.

मी बघत होतो. काही वाटलं नाही. वाटायला हवं होतं, म्हणून थोडं थांबलो. तरी नाही.

भाचीने हंबरडा फोडला. चांगला फोडला, पोरगी शिकली. बाकीचे एकेक करून कोसळले. सगळ्यांचे चेहरे झाले आणि मग माझा शेवटचा क्लोजअप. चेहऱ्यावरून कॅमेरा हळूहळू हातावर. व्हायोलिन.

करंगळी उचलली गेली. अर्धा इंच.

त्रेसष्टावा शॉट!

आधी वाटलं अण्णांना ठसका लागला. भोंगा सुरू होण्याआधी घरघर होते, तसा आवाज त्यांच्या छातीतून आला. मग फुटला. अण्णा हसत होते. माझे अण्णा. खुर्चीच्या हातावर थापा मारत, डोळ्यांतून पाणी, वरची कवळी निघून मांडीवर. बायको धावत आली. अण्णा टीव्हीकडे बोट दाखवून म्हणत होते, अरे मेलाय ना तो? मेलाय तरी हलतोय! मेला तरी ऐकत नाही! मग घड्याळ बघितलं, सात एकोणीस, आणि परत हसले.

मी म्हटलं, अण्णा, ते मी मुद्दाम केलं होतं. अण्णांनी डोळे पुसले. म्हणाले, मग उठला का नाहीस?

म्हटलं, लिहिलं नव्हतं.

२९ ऑगस्ट

दिग्दर्शकाचा फोन. सॉरी मामा, एडिटरने घाईत बँकेतला शेवटचा शॉट उचलला, कुणी तपासला नाही. क्लिप लोक एकमेकांना पाठवतायत, चॅनेल भडकलंय. म्हटलं, भडकायचं काय त्यात, लोक हसतायत ना? तो म्हणाला, मामा, तुम्ही वारलात हो. त्यात कसं हसायचं?

तरी म्हटलं, एवढा प्रतिसाद आहे तर मामांचा जुळा भाऊ आणू. विचार करतो म्हणाला. ‘नाही’ म्हणाला नाही. याची नोंद.

दुपारी दोनला कालच्या एपिसोडचं पुनःप्रक्षेपण. अण्णा दीडपासून खुर्चीत, कवळी घट्ट बसवून. डॉक्टर, सॉरी, हंबरडा, व्हायोलिन. माझा क्लोजअप चेहऱ्यावर थांबला. हातापर्यंत गेलाच नाही. अण्णा म्हणाले, काढलं. आणि खुर्ची होती तिथे नेऊन ठेवली.

सातच्या एपिसोडला मी जिन्याशेजारच्या भिंतीवर होतो. अठरा बाय चोवीस. भाची माझ्याकडे न बघता जिना उतरून गेली. अण्णा म्हणाले, फोटो बरा आलाय. बायकोने टीव्ही बंद केला. बंद करू का, असं विचारलं नाही.

३० ऑगस्ट

उद्या अकराला अण्णांची टॅक्सी.

शांतपणे विचार केला. अण्णा हसले कशाला? टीव्हीला नाही, व्हायोलिनला नाही. करंगळीला. आणि करंगळी माझ्याकडे आहे. काढून टाकणारा एडिटर घरात नाही.

संकल्प: उद्या निघायच्या आधी, प्रत्यक्ष.

३१ ऑगस्ट, दुपारी १२

दहा वाजताच सोफ्यावर आडवा झालो. घाईने कोमा येत नाही. बायकोला म्हटलं, तू डॉक्टर हो, फक्त मान हलव. ती म्हणाली, मी डॉक्टरबिक्टर होणार नाही. पण चादर घातली. कडा नीट केल्या.

अण्णा बॅग पायाशी घेऊन समोर बसले होते. अकराला पाच कमी असताना श्वास थांबवला. व्हायोलिन मनातल्या मनात. मग करंगळी.

दोन सेकंद सोडले.

अण्णांच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. आणखी दोन सोडले. करंगळी उचलली गेली होती की नाही, तेच कळेना. हात होता तिथे काहीच नव्हतं.

अण्णा म्हणाले, काय होतंय रे? म्हटलं, काही नाही. खाली टॅक्सीने हॉर्न दिला. अण्णांनी घड्याळ बघितलं. म्हणाले, आली वेळेवर. चल, ऊठ आता. बॅग घे.

उठलो. पाय जमिनीला टेकला, पण पाय नव्हताच. पडलो. गिरकी नाही, काही नाही. लाकूड पडतं तसा. कोपर टीपॉयच्या कडेवर आपटलं.

टाळ्या नाहीत. हसू नाही. बायको चादर हातात धरून उभी.

अण्णा खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठले. हळूहळू माझ्यापर्यंत आले, वाकले, दंडाला धरलं.

म्हणाले, लागलं का?

म्हटलं, कळत नाही. अजून मुंग्या आहेत.